कुत्र्याला घेऊन पुन्हा टेकडीवर: करोनाकाळात वेताळ टेकडीला परतणाऱ्यांसाठी

आधी माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं सगळं का लिहिलंय ते कळेल.

२०२० च्या जूनच्या सुरुवातीला, 'मिशन बिगिन अगेन'च्या, म्हणजे राज्य सरकारने लॉकडाउन सैल करायला आखलेल्या मोहिमेच्या, पहिल्या टप्प्यात, पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळात मोकळ्या जागी चालायला-पळायला परवानगी मिळाली. ३ तारखेला नेमकं निसर्ग वादळ आलं, पुण्यात झाडं पडली, म्हणून तो दिवस गेला. ५ तारखेला सकाळी मी मुगीला घेतलं आणि थेट शहरातली वेताळ टेकडी गाठली. मुगी म्हणजे आमची पाच वर्षांची देशी कुत्री, मुगाच्या डाळीच्या रंगाची. मार्चच्या २२ तारखेपासून ती सोसायटीच्या पार्किंगपलीकडे गेली नव्हती. मी तर दुधाच्या पिशवीपलीकडे गेले नव्हते. दोघी अशा सुटलो की बोलायची सोय नाही. वरच्या वेताळबाबाच्या देवळापर्यंत गेलो, दगडाच्या जुन्या खाणीला वळसा घातला, पंचवटी वसाहतीच्या बाजूला थोडं उतरून परत वर चढलो. घरी आल्यावर फरशीवर लाल ठिपके दिसले. तिच्या पुढच्या दोन्ही पंजांच्या गाद्या सोलवटल्या होत्या. अडीच महिने गुळगुळीत फरशीवर वावरलेले पाय, आणि मी त्यांना एका दिवसात दीड तास मुरमावर पळवलं होतं. पुढचे दहा दिवस पायमोजे, मलम आणि "चाटू नको" हा जप.

टेकडी जुनी, कुत्री जुनी, वाटही पाठ, म्हणून मी गृहीत धरलं की जिथे सोडलं तिथून पुढे सुरू करता येईल. तसं होत नाही. आता २०२० चा नोव्हेंबर उजाडलाय, दिवाळी होऊन गेलीय, पाडव्याला देवळं उघडली आणि ओळखीतले बरेच जण "आता नेऊ का टेकडीवर?" असं विचारतायत. त्यातले निम्मे तर लॉकडाउनमध्ये पहिल्यांदाच कुत्रं पाळलेले. त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहिते. मी वेताळ टेकडीचंच सांगणार, कारण मला तीच ठाऊक आहे. तळजाई, हनुमान टेकडी किंवा तुमच्या गावातली एखादी बाग असेल तर त्या हिशोबाने फेरफार करा.

पायरी १: फाटकावरची पाटी वाचा

पुण्यात महापालिकेच्या बहुतेक बागांमध्ये कुत्र्याला आत घेत नाहीत. म्हणून आपण सगळे टेकडीकर झालो. पण टेकडी म्हणजे रान मोकळं असंही नाही. बराचसा भाग वनखात्याचा आहे, फाटकं आहेत, वेळा आहेत, आणि २०२० मध्ये नियम महिन्यामहिन्याला बदलत गेले. जुलैत १३ ते २३ तारखेला तर शहर पुन्हा कडेकोट बंद होतं. तेव्हा गेल्या वर्षीच्या सवयीने जाऊ नका. एकदा एकट्याने, कुत्र्याशिवाय, संध्याकाळी फाटकापर्यंत फेरी मारा. पाटीवर काय लिहिलंय, कुठलं फाटक उघडं आहे, रखवालदार काय म्हणतो, ते बघा. रखवालदारदादांशी दोन शब्द आधी बोलून ठेवलेले पुढे फार उपयोगी पडतात.

सोसायटीतून बाहेर पडतानाच कुणी अडवत असेल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २६ फेब्रुवारी २०१५ चं परिपत्रक आहे. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मार्चमध्ये आमच्या मजल्यावरच्या एका काकूंनी "करोना कुत्र्यापासून होतो म्हणे" म्हणून लिफ्टमध्ये यायला मनाई केली, तेव्हा मी त्याची प्रिंट काढून ठेवली होती. वापरली नाही. काकूंना जिन्याने जाते म्हटलं, तीन मजले तर आहेत. पण खिशात कागद असला की माणूस शांतपणे बोलतो.

आणि "कुत्र्यापासून होतो म्हणे" याचंही सांगून टाकते. फेब्रुवारीच्या शेवटी हाँगकाँगमध्ये एका सतरा वर्षांच्या पॉमेरेनियनची चाचणी अगदी हलकी पॉझिटिव्ह आली होती. त्याची मालकीणच करोनाबाधित होती. म्हणजे माणसाकडून कुत्र्याकडे गेला. कुत्री हा आजार माणसांत पसरवतात असा पुरावा नाही, असंच जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक पशुआरोग्य संघटना सांगत आल्यात. बातमी मात्र आपल्याकडे येईपर्यंत उलटी होऊन आली.

पायरी २: लसीची वही उघडा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. लॉकडाउनमध्ये दवाखाने अर्धवेळ चालू होते, कुत्र्याला घेऊन रिक्षाही मिळत नव्हती, त्यामुळे कितीतरी कुत्र्यांच्या वार्षिक लसी राहून गेल्यात. वहीतल्या तारखा बघा. रेबीजची लस वर्षाच्या वर गेली असेल तर टेकडी नंतर, डॉक्टर आधी. लेप्टोचंही विचारा. उंदरांच्या लघवीतून डबक्यात जाणारा हा आजार आहे, आणि पावसाळा संपला तरी टेकडीवरची डबकी अजून आहेत. करोनाकाळात दवाखान्यात फोन करून वेळ घ्यावी लागायची. अनेक ठिकाणी आपण बाहेर थांबायचं आणि कुत्र्याला मदतनीस आत न्यायचा. तुमचं कुत्रं अनोळखी माणसासोबत जायला घाबरत असेल तर तसं आधीच सांगा.

पिल्लू असेल तर वेगळा हिशोब. साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने डोस असतात, आणि शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे तरी टेकडीवर जमिनीला पाय लावू देऊ नका. कारण पार्व्हो, पिल्लांना होणारा जीवघेणा उलट्या-जुलाबांचा आजार. त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, आणि टेकडीवर सगळ्या गावची कुत्री येतात. तोवर पिल्लाला कडेवर घेऊन फाटकाशी बसा, माणसं, सायकली, मास्क दाखवा. ती ओळख लहानपणीच व्हावी लागते.

एक मजेशीर घोटाळा: कुत्र्यांच्या नऊ-इन-वन लसीच्या डबीवर 'कोरोना' असं खरंच छापलेलं असतं. आमच्या डॉक्टरांना मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला दहा फोन येत, "तुमच्याकडे आहे की लस, आम्हाला का नाही देत?" तो कुत्र्यांच्या पोटाचा वेगळा करोना आहे. जुलाब होतात. कोविडच्या साथीशी त्याचा संबंध नाही, ती लस माणसाने घ्यायची नाही, आणि ती दिली म्हणून कुत्रं या करोनापासून सुरक्षित झालं असंही नाही.

पायरी ३: घरातली तालीम

दोन आठवडे द्या. मी दोन दिवसही दिले नव्हते.

पहिलं, पाय आणि वजन. कुत्र्याच्या बरगड्या हाताला लागायला हव्यात, डोळ्यांना दिसायला नकोत. हात फिरवून नुसती मऊ गादी लागत असेल तर लॉकडाउनमधल्या पोळीचे तुकडे अंगाला लागलेत. फरशीवर चालताना नखांची टकटक ऐकू येत असेल तर नखं वाढलीत. एरवी रस्त्यावर घासून जातात, या वर्षी गेली नाहीत. ती कापून घ्या. गाद्या घट्ट व्हायला खडबडीत जमीन हवी, म्हणून रोज दहा-पंधरा मिनिटं डांबर, वाळू, मुरूम जे मिळेल त्यावर चालवा. दुपारी नको. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सहा-सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही.

दुसरं, मास्क. मुगी जूनमध्ये प्रत्येक मास्कवाल्यावर भुंकली. अर्धा चेहरा झाकला की कुत्र्याला माणूस हसतोय की रागावलाय ते वाचता येत नाही. घरात मास्क घालून तिला जेवण द्या. मास्क घालून खेळा. घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीने घाला, हेल्मेट आणि गॉगलसकट घाला. आमच्याकडे हा चार दिवस करमणुकीचा कार्यक्रम होता, सासूबाई फेसशील्ड लावून पोळ्या टाकत होत्या. पाचव्या दिवशी मुगीने लक्ष द्यायचं सोडलं. तेच हवं असतं. कुत्र्याला मात्र मास्क घालू नका. समाजमाध्यमांवर कितीही गोड दिसला तरी. कुत्रं जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड करतं, ते तोंडच बांधलं तर उकडून जाईल.

तिसरं, हाक. 'ये' म्हटल्यावर येणं हे कुत्र्याला एकदा शिकवलं की कायमचं येतं असा आपला समज असतो. घरात 'ये' म्हटलं की चार पावलांवरून येतं, त्यात काय विशेष? समोर मोर असताना येतं का, ते महत्त्वाचं. पार्किंगमध्ये लांब दोरीवर सराव करा, दर वेळी काहीतरी चविष्ट द्या, आणि बोलावून घेऊन लगेच पट्टा लावायची चूक करू नका. नाहीतर हाक म्हणजे शिक्षा असा अर्थ लागतो.

पायरी ४: पिशवीत काय

लीश, म्हणजे धरायची दोरी, सहा फुटी, साधी, कापडी. त्या गुंडाळीच्या, बटण दाबून लांब होणाऱ्या लीश घरी ठेवा, का ते पुढे सांगते. गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) बरा, आणि पट्ट्यावर फोन नंबर असलाच पाहिजे. पाण्याची बाटली आणि स्वतःची वाटी. वर पक्ष्यांसाठी लोक भांडी भरून ठेवतात, त्यात तोंड घालू देऊ नका. शी उचलायला रद्दी आणि पिशवी. (एप्रिलमध्ये पेपर येणं बंद झालं तेव्हा बातम्यांपेक्षा आम्हाला रद्दीचीच चणचण जास्त जाणवली होती.) दोन मास्क, कारण एक घामाने भिजतो, आणि २०२० मध्ये मास्क नसेल तर पुण्यात ५०० रुपये दंड होता. छोटा चिमटा. तो कशाला ते नोव्हेंबरात गेलात की कळेलच.

सॅनिटायझर तुमच्या हातांसाठी. बस.

पायरी ५: वेळ आणि वाट

जिम २०२० च्या दसऱ्याला उघडल्या, पण त्या बंद असताना टेकडी लागलेली माणसं परत जिमला गेलेली दिसली नाहीत. सकाळी साडेसहा ते आठ एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने वर जाणं म्हणजे लक्ष्मी रोडला खरेदीला जाण्यासारखं झालंय. रविवारी तर बघायलाच नको. नव्या माणसाने, नव्या किंवा सवय मोडलेल्या कुत्र्याला घेऊन, या वेळेत जाऊच नये. नोव्हेंबरात ऊन सौम्य असतं, त्यामुळे कामाच्या दिवशी साडेआठनंतरही चालतं. संध्याकाळी गेलात तर अंधाराच्या आत खाली या. फटाक्यांचा जोर पूर्ण ओसरल्याशिवाय पहिली फेरी करू नका. घाबरलेलं कुत्रं हार्नेसमधूनही सुटतं.

वाट रुंद निवडा. गोखलेनगरची, पाषाणची, पंचवटीची, प्रत्येकाची आपली लाडकी पायवाट असते आणि ती नेमकी एका माणसापुरती रुंद असते. ती आत्ता विसरा. जिथे समोरून माणूस आला तर बाजूला सरकायला जागा आहे अशीच वाट घ्या.

पायरी ६: पहिल्या तीन फेऱ्या

पहिल्या दिवशी फाटकापर्यंत जायचं, दहा मिनिटं थांबायचं, हुंगू द्यायचं, घरी यायचं. हो, एवढंच. कुत्र्यासाठी आठ महिन्यांचे पेपर तिथे एकदम साचलेत, एकेका खांबावर ते पाच पाच मिनिटं वाचत बसेल, वाचू द्या. दुसऱ्या फेरीत पहिल्या चढापर्यंत, वीस मिनिटं. तिसऱ्या फेरीत अर्धा तास. प्रत्येक वेळी घरी येऊन पंजे उलटे करून बघा: लाली, चीर, सोलवटलेली जागा. काही दिसलं तर दोन दिवस खाडा. देऊळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. वेताळबाबा कुठे जात नाहीत.

लॉकडाउनमध्ये वाढलेलं पिल्लू असेल तर हीच शिडी आणखी हळू चढा. त्याने माणसांची गर्दी पाहिलेलीच नाही. शेपूट पायात घालून बसलं तर ओढू नका, "काही नाही होत" म्हणून पुढे ढकलू नका. लांबून बघू द्या, खाऊ द्या, आणि त्याला कंटाळा यायच्या आत परत फिरा.

वर गेल्यावर

अंतराचं गणित इथे जरा बारकाईने. 'दो गज की दूरी' म्हणजे सहा फूट, आणि माझी लीशही सहा फूट. त्यामुळे सुरुवातीला मला वाटायचं, वा, मोजपट्टी हातातच आहे. दोन कुत्री नाकाला नाक लावून उभी असली तरी दोन्ही मालक बारा फूट लांब राहतात. पण कुत्री नाकाला नाक लावून उभी राहत नाहीत. ती गोल फिरतात. दोन फेऱ्यांत दोन लीशची वेणी पडते आणि ती सोडवायला दोन्ही मालक एकमेकांच्या तोंडाशी तोंड आणून वाकतात. ऑगस्टमध्ये मी एका लॅब्रॅडॉरवाल्या गृहस्थांसोबत अशी अडकले. वर त्यांची ती गुंडाळीची लीश, माझ्या पोटरीभोवती दोन वेढे. गृहस्थ मास्क हनुवटीवर घेऊन "सॉरी सॉरी" म्हणत होते, अगदी माझ्या चेहऱ्यावर. म्हणून: साथ असेपर्यंत कुत्र्यांच्या भेटीगाठी नाहीत. समोरून कुणी आलं की वाटेच्या कडेला व्हा, कुत्रं तुमच्या पलीकडच्या बाजूला घ्या, 'बस' म्हणा, खाऊ द्या, जाऊ द्या त्यांना. धावणारे बहुतेक जण मास्क न लावता जोरात श्वास सोडत जातात. त्यांना वाट द्या आणि तोंड वळवा. वाद घालण्यात फेरी वाया जाते.

लोक कुत्र्याला हात लावायला येतात, हा खरा पेच. केसांवरून विषाणू पसरतो असा पुरावा नाही, पण हात लावायला माणूस वाकतो तेव्हा तो तुमच्या फुटभर अंतरावर येतो. लहान मुलं विचारतात, मोठी माणसं विचारतही नाहीत. मला "काका, आत्ता नको, साथ संपू दे" असं म्हणता येत नव्हतं, जीभ अडखळायची. मग मैत्रिणीने हार्नेसला कापडी पट्टी शिवून दिली, 'हात लावू नये' असं भरतकाम करून. खास पुणेरी उपाय. लोक वाचून हसतात, फोटो काढतात, पण लांबूनच.

फाटकाशी राहणारी कुत्री बदललीत, हे लक्षात ठेवा. टपऱ्या, हॉटेलं बंद होती तेव्हा खाण्यासाठी कितीतरी कुत्र्यांनी जागा सोडल्या, नव्या टोळ्या झाल्या, आणि तुमचं कुत्रं आता त्यांच्या लेखी उपरं आहे. ती अंगावर आली तर पळू नका, लीश ताणू नका, सरळ त्यांच्याकडेही जाऊ नका. बाजूने लांब वळसा घ्या, मूठभर बिस्किटं त्यांच्या पुढ्यात लांब फेका, आणि ती खाण्यात गुंतली की निघा. त्या कुत्र्यांना रोज खायला घालणाऱ्या एखाद्या ताई तिथे असतात, त्यांना नावं माहीत असतात. त्यांच्याशी ओळख काढा.

खाणीपाशी लीश सोडू नका. कडा सरळ आहेत, पाणी खोल आहे, पोहणाऱ्या कुत्र्यालाही वर यायला जागा मिळत नाही. त्याच्या मागे माणूस उतरतो, म्हणजे दोन जीव.

वनखात्याने लावलेली गिरिपुष्पाची झाडं टेकडीभर आहेत. तिलाच उंदीरमारी म्हणतात, नावातच सगळं आलं. काठी आण-टाक खेळायला तिची फांदी देऊ नका, शेंगा चघळू देऊ नका. घरून चेंडू न्या.

सापांचं थोडक्यात: नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चारही पुण्याच्या आसपास आहेत. दाट गवतात कुत्र्याला नाक खुपसू देऊ नका. चावल्याची शंका आली तर चिरा देऊ नका, आवळपट्टी बांधू नका, कुत्र्याला चालवू नका, उचलून खाली आणा. कुठल्या दवाखान्यात प्रतिविष ठेवलेलं असतं ते आजच फोन करून विचारून ठेवा, प्रत्येकाकडे नसतं.

घरी आल्यावर

आता तो चिमटा. नोव्हेंबर म्हणजे कुसळांचा महिना. टेकडीवरचं कुसळी गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, फोटोला झकास, आणि त्याचं एकेक कुसळ म्हणजे मागे पीळ असलेली सुई. ओल लागली की पीळ उलगडतो आणि सुई पुढे सरकते. तिला मागे यायची वाट नाही, बारीक उलटे केस असतात. आपल्या पायमोज्यात शिरलं तर आपण वैतागतो. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात शिरलं तर ते कातडीत घुसतं, आणि आठवड्याने तिथे गाठ येते. कानात गेलं तर भूल देऊन काढावं लागतं.

म्हणून घराच्या आत पाऊल टाकण्याआधी, जिन्यातच, उजेडाला बसायचं. मुगीचा पंजा मी डाव्या तळव्यावर घेते आणि उजव्या अंगठ्याने बोटं एकेक करून फाकवते. करंगळीच्या बेचक्यात सगळ्यात जास्त सापडतात. रंग तिच्या केसांचाच, त्यामुळे दिसत नाहीत, बोटाला टोचतात तेव्हा कळतात. चिमट्याने बुडाशी धरायचं आणि ज्या दिशेने गेलंय त्याच्या बरोबर उलट, सरळ ओढायचं. तुटलं तर ओरबाडू नका, डॉक्टर. मग काखा, जांघा, कानाच्या आतली घडी, पापण्यांच्या कडा. कुत्रं अचानक एका बाजूला डोकं कलवून झटकायला लागलं तर कानात काहीतरी आहे. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका.

त्याच बैठकीत गोचिडी. कानामागे, पट्ट्याखाली, बोटांत. सापडली तर चिमट्यानेच, कातडीलगत धरून सावकाश सरळ ओढायची. रॉकेल, काडेपेटी, तूप हे प्रयोग नकोत, आणि बोटांनी चिरडायची तर मुळीच नाही. गोचिडींसाठी ठरल्या तारखेला द्यायची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध चुकवू नका.

शेवटी पाय साध्या पाण्याने धुवा, हवा तर सौम्य साबण, आणि कोरडे पुसा. बोटांमध्ये ओल राहिली की बुरशी येते. पायांना सॅनिटायझर लावू नका. मार्च-एप्रिलमध्ये लोकांनी सॅनिटायझरने, फिनेलने, हायपोक्लोराइटच्या फवाऱ्याने कुत्री पुसली. कातडी सोलते, आणि कुत्रं पाय चाटतं, म्हणजे ते अल्कोहोल थेट पोटात जातं.

तुम्हालाच झाला तर

हे कुणी आधी ठरवत नाही. सप्टेंबरात, शहरात खाटा मिळत नव्हत्या त्या दिवसांत, माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मी खोलीत, नवरा विलगीकरणात, सासूबाई बाहेर जाऊ शकत नाहीत. मुगी दाराशी बसून माझ्याकडे बघतेय, कारण तिची वेळ झालीय. पहिल्या दिवशी ती सोळा तास शू धरून बसली. घरात करायची सवय नाही ना. शेवटी तळमजल्यावरचा कॉलेजला जाणारा मुलगा कबूल झाला. दाराबाहेर हार्नेस घालूनच तिला सोडायचो, तो मास्क लावून दोरी उचलायचा, आल्यावर दार वाजवून चार पायऱ्या खाली जाऊन थांबायचा. त्याला तिने पहिले तीन दिवस पार्किंगभर फरफटवलं.

तेव्हा आजच दोन नावं ठरवा, आणि ती माणसं तुमच्यासोबत एकदोनदा कुत्र्याला फिरवून आणू द्या. एका पिशवीत दोन आठवड्यांचं खाणं, लसीची वही, डॉक्टरांचा नंबर, जादा लीश भरून ठेवा. आजारी असताना कुत्र्याला जवळ घेणं, एका अंथरुणात निजणं, चाटू देणं बंद. माणसांपासून लांब राहता तसंच त्याच्यापासूनही. कठीण जातं. दाराच्या फटीतून नाक आत येतं, आणि तुम्ही पलंगावरून "जा गं" म्हणता. आणि विलगीकरणाचे दिवस पूर्ण होईपर्यंत "पाच मिनिटं खाली, कुणी नसताना" हेही नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही दोघींनी पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी मलाच दम लागत होता, त्यामुळे घाई करायचा प्रश्न नव्हता.

गेल्या मंगळवारी पहिल्या चढावरच्या सपाट दगडापाशी पोचलो. तिथे एक आजोबा बसतात, गेली चार वर्षं मुगीला रोज एक मारी बिस्किट देणारे. मार्चनंतर ते दिसलेच नव्हते, आणि विचारायचं कुणाला, नावही माहीत नाही. मला दुरून फक्त टोपी, गॉगल आणि निळा मास्क दिसला. मुगी थांबली, नाक वर केलं, आणि इतकी जोरात शेपूट हलवायला लागली की मागचा भाग पूर्ण वळवळत होता. आजोबा उठले. मी काही म्हणायच्या आत त्यांनीच हात वर करून थांबा अशी खूण केली, खिशातून पुडा काढला, एक बिस्किट दगडावर ठेवलं आणि मोजून आठ पावलं मागे गेले.

"सोडा आता," म्हणाले.